महिला मंडळांच्या कार्यकारिणीला खुलं पत्र: व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घेताय ना, मग एवढं कराच

गावोगावच्या, कॉलन्यांमधल्या, सोसायट्यांमधल्या सगळ्या महिला मंडळांच्या अध्यक्षा, सेक्रेटरी, खजिनदार आणि कार्यकारिणीतल्या ताई, काकू, वहिनींना सप्रेम नमस्कार,

मी साताऱ्यात राहते, वय ५२, आणि महिला मंडळ मला मनापासून प्रिय आहे हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. लग्न होऊन नवीन आले तेव्हा सासूबाईंनीच "जा गं मंडळात, चार बायका भेटतील" म्हणून मला पाठवलं होतं आणि या परक्या गावात मला जिवाभावाची माणसं मिळाली ती तिथंच. तेव्हा हे पत्र रागाने नाही, हक्काने लिहितेय.

विषय असा की दर वर्षी ८ मार्चच्या आसपास आपल्याकडे 'चाळिशीनंतरचा व्यक्तिमत्त्व विकास' असा एक कार्यक्रम होतोच होतो. बाहेरून व्याख्यात्या मॅडम येतात, प्रोजेक्टर लावतात, स्वतःसाठी वेळ काढा, आरशात बघून हसा, पॉझिटिव्ह राहा, टापटीप राहा, छंद जोपासा असं सांगतात, मग 'दोन मिनिटं बोला' स्पर्धा, मग बटाटेवडा-चहा आणि ग्रुप फोटो. मॅडम बोलतात छान, वेळ छान जातो, आणि तेवढे दोन तास बाई घरातून बाहेर पडली हेही काही थोडं नाही. पण घरी परत जाताना तिच्या हाताला काय लागलं, हा प्रश्न मला हल्ली स्वस्थ बसू देत नाही.

कारण त्या खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं बघा ना. नव्वदच्या दशकात एकोणीस-विसाव्या वर्षी लग्न झालेल्या आपण सगळ्या, कुणाची दहावी राहिलीय, कुणाचं एफवाय बीए अर्ध्यात सुटलंय, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, घरात सासूबाई अंथरुणावर, मिस्टरांची रिटायरमेंट तोंडावर आलीये, गुडघे कुरकुरायला लागलेत. दोन्ही घरची आजारपणं, लग्नकार्यं, पाहुणे-रावळे, पोरांच्या परीक्षा, महिनाअखेरीची ओढाताण हे सगळं जिने निभावून नेलं तिच्याकडे व्यक्तिमत्त्व नाही असं कोण म्हणेल? फक्त घर तिच्या नावावर नाही, बँकेत खातं असलं तरी कार्ड मिस्टरांच्या पाकिटात, दारात गाडी उभी आहे पण चालवायला कुणी शिकवली नाही, आणि कुठल्याही कागदावर सही करायची तर "इथे कर" एवढंच ऐकायची सवय. अशा बाईला आरशात बघून हसायला सांगून आत्मविश्वास कुठून येणार हो? व्यवहार हातात आला की बोलणं-चालणं आपोआप बदलतं हे मी माझ्या आजूबाजूला बघितलंय, आणि ते हातात द्यायचं काम महिला मंडळच सगळ्यात चांगलं करू शकतं, कारण घरातली माणसं बाईला मंडळात पाठवताना का म्हणून विचारत नाहीत.

सोसायटीच्या मीटिंगपासूनच सुरुवात करते. सहकार कायद्यात सोसायटीच्या कमिटीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, त्यामुळे बहुतेक सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर दोन बायकांची नावं असतात. आता खरं सांगा, त्यातल्या किती जणी मीटिंगला बसतात? आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत रविवारी सकाळी मीटिंग असते, कमिटी मेंबर असलेली वहिनी आत पोहे करत असते आणि बाहेर खुर्चीवर तिचे मिस्टर, नंतर प्रोसिडिंग बुक आत येतं, ती हात पुसून सही करते, बुक बाहेर जातं. आणि गंमत म्हणजे लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकते, टँकर कधी येऊन गेला, वॉचमन दुपारी कधी नसतो, टाकी शेवटची कधी धुतली हे सगळं तिलाच माहितीये, दिवसभर घरात तीच असते. तिला बोलता येत नाही असं अजिबात नाही, भाजीवाल्याशी, शाळेतल्या बाईंशी, गॅसवाल्याशी ती खणखणीत बोलते, पण मीटिंगमध्ये मुद्दा कसा मांडायचा, अजेंड्यावर विषय कसा घ्यायला लावायचा, मेंटेनन्सच्या हिशेबात सिंकिंग फंड म्हणजे काय, आपलं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या असं कसं सांगायचं हे तिला कुणी दाखवलेलंच नाही.

मग आपण मंडळात हे करूया ना. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्याच्या आधी म्हणजे श्रावणात एक दुपार मंडळात खोटी खोटी वार्षिक सभा भरवायची. कुणी चेअरमन व्हायचं, कुणी सेक्रेटरी, कुणी तो नेहमीचा वाद घालणारा मेंबर, आणि खरा ताळेबंद समोर ठेवून प्रत्येकीने एक प्रश्न विचारायचा. दोन मिनिटं बोला स्पर्धेत 'माझा आवडता सण' वर बोलण्यापेक्षा 'मागच्या वर्षी रंगकामाला एवढा खर्च का झाला' हे दोन मिनिटं विचारलं तर तो सराव पुढे कामाला येतो, आवाज थरथरायचा थांबतो. ग्रामपंचायतीतही तेच आहे, महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, बायका निवडूनही येतात आणि कितीतरी ठिकाणी कारभार मात्र मिस्टर बघतात. गावातल्या मंडळांनी ग्रामसभेची अशीच तालीम घेतली तर किती फरक पडेल.

आता जे सांगणार आहे ते थोडं नाजूक आहे. आपल्या वयात वडील जातात. दिवसकार्य होतं, मग काही महिन्यांनी भावाचा फोन येतो की ताई एकदा तालुक्याला यावं लागेल, रजिस्टर ऑफिसला, थोड्या सह्या आहेत. आपण माहेरी जायचं म्हणून आनंदाने जातो. तिथे गर्दी, कॉम्प्युटरसमोर फोटो, अंगठा, वकील पानं उलटत जातो आणि बोट ठेवेल तिथे सही, दोन साक्षीदार, झालं. मग वहिनी साडी नेसवते, ओटी भरते, आपण परत. त्या कागदाला हक्कसोड पत्र म्हणतात, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला आपला वाटा सोडला असं लिहून देणं, आणि एकदा ते रजिस्टर झालं की मागे फिरणं फार अवघड असतं हे कितीतरी जणींना नंतर कळतं, काहींना तर अजूनही माहीत नाही आपण काय लिहून दिलंय.

मी सही करू नका असं मुळीच म्हणत नाहीये. भावाची परिस्थिती बेताची आहे, आईला तोच सांभाळतोय, आपल्याला गरज नाही, म्हणून एखादीने समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे आणि मी तिला नमस्कार करेन. पण समजून दिलं तरच ते देणं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. एवढी माहिती, सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे कसे वाचायचे, फेरफार म्हणजे काय, आणि सहीआधी कागदाची झेरॉक्स घरी नेऊन दोन दिवस वाचायला मागायची, हे एखाद्या वकील ताईंनी दोन तासांत समजावून सांगितलं तर मला वाटतं वर्षभराच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. "मला आधी वाचू दे, मग सांगते" हे वाक्य भावासमोर न रडता, न भांडता म्हणता येणं हाच खरा व्यक्तिमत्त्व विकास आहे, माझं तरी हेच मत आहे.

बँकेचंही तसंच. आमच्या मंडळातल्या एका काकूंचे मिस्टर अचानक आयसीयूत गेले. काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं, काकूंना पॉलिसी आहे एवढंच माहीत, कुठल्या कंपनीची ते माहीत नाही, एटीएमचा पिन माहीत नाही, काकांचा फोन लॉक, मुलगा बाहेरगावी विमानात. मंडळातल्या आम्ही काही जणींनी पैसे गोळा करून डिपॉझिट भरलं. काकू एरवी शंभर माणसांचा स्वयंपाक एकहाती काढणाऱ्या, त्या दिवशी काउंटरपाशी एखाद्या लहान मुलीसारख्या उभ्या होत्या, ते मला विसरता येत नाही. काका सुखरूप घरी आले आणि त्यानंतर काकूंनी पहिलं काम काय केलं तर काकांना समोर बसवून सगळे कागद बाहेर काढायला लावले. आज त्या स्वतः बँकेत जातात, एफडीच्या तारखा त्यांना पाठ आहेत, आणि बँकेतल्या मुलाने घाई केली तर "थांब बाळा, मला नीट समजू दे" म्हणतात. कुठल्याही शिबिरात न जाता बाई बदलली.

बँकेच्या खात्यावरचा नॉमिनी म्हणजे मालक नाही, नॉमिनीकडे पैसे येतात पण हक्क वारसांचा असतो, हे आपल्यातल्या निम्म्या जणींना माहीत नसतं. जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्वायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटं चालवू शकेल असं, आहे की नाही हे पासबुकच्या पहिल्या पानावर बघायचं असतं. इच्छापत्र साध्या कागदावर करता येतं, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. आणि पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय म्हणाला तर फोन बंद करायचा, असं काही कायद्यात नाहीच, आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावायचा. लाडकी बहीण योजनेमुळे कितीतरी जणींचं स्वतःच्या नावाचं खातं पहिल्यांदा वापरात आलं, ही चांगली संधी आहे, त्या खात्यातून पैसे काढायला दुसऱ्याला पाठवायचं नाही एवढं जरी आपण मंडळात ठरवलं तरी पुष्कळ.

तब्येतीचं बोलल्याशिवाय चाळिशीनंतरच्या बाईविषयी बोलणं पूर्णच होत नाही, आणि आपण मंडळात ते टाळतो, टाळतो म्हणजे कुजबुजतो. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, आणि त्याच्या आधी काही वर्षं शरीराची नुसती उलथापालथ चाललेली असते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो, तीन वाजता जाग येते ती येतेच, सांधे धरतात, विसरायला होतं, उगाच डोळ्यांत पाणी येतं. घरातले म्हणतात हल्ली हिचा स्वभाव फार चिडका झालाय. स्वभाव नाही हो तो, तिला झोप नाहीये! आणि अशा झोप न झालेल्या बाईला आपण खुर्चीवर बसवून पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगतो, मग ती बिचारी स्वतःलाच दोष देत घरी जाते की सगळ्यांना जमतं, मलाच कसं जमत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बोलवा, मोकळेपणाने प्रश्न विचारू द्या, चिठ्ठ्या टाकून विचारायची सोय ठेवा कारण समोर बोलायला संकोच वाटतो. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात आणि त्यानंतर एकदा जरी अंगावरून गेलं तरी ताबडतोब डॉक्टरला दाखवायचं, ही एक गोष्ट जरी प्रत्येकीच्या डोक्यात बसली तरी एखादीचा जीव वाचेल. जमलं तर एका संध्याकाळी मिस्टर लोकांनाही बोलवा, त्यांनाही खरंच माहिती नसतं.

गाडीचं थोडक्यात सांगते. चाळिशी उलटली की लायसनला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, एवढाच काय तो फरक, बाकी शिकाऊ लायसन, एक महिना थांबायचं आणि मग टेस्ट, सगळं सगळ्यांसारखंच. चार-पाच जणींनी मिळून ड्रायव्हिंग स्कूलची बॅच ठरवली तर भीती निम्म्याने कमी होते. आमच्या साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या गर्दीतून पहिल्यांदा स्वतः गाडी काढणाऱ्या बाईचा चेहरा एकदा बघाच.

शिक्षणाचंही मनावर घ्या. दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पुढे नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करायला लागल्या, तर आपण पन्नाशीतल्या बायकांनी वय झालं म्हणावं का? आणि हे काही नवीन नाही आपल्याला. रमाबाई रानड्यांनी पुण्याला सेवासदन ही बायकांसाठीची संस्था काढली १९०९ साली, तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या, त्यांचे यजमान न्यायमूर्ती रानडे जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्यांनी बायकांना नुसती भाषणं दिली नाहीत, शिक्षिका केलं, नर्सिंगला पाठवलं, स्वतःच्या पायावर उभं केलं, त्या काळात लोकांनी नावं ठेवली तरी. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डी गावाला जाऊन मुलांसाठी काम सुरू करतात तेव्हा वय ५३. महिला मंडळ हा प्रकार अशाच बायकांनी आपल्या हाती दिलेला आहे, त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो तेव्हा त्यांचं वयही एकदा मोठ्याने सांगत जाऊ.

एक गोष्ट मला बोलायलाच हवी. आपल्या वयात मैत्रिणींचे मिस्टर जायला लागलेत. आणि आपलं वर्षातलं सगळ्यात जास्त गर्दीचं निमित्त म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, त्यात ती मैत्रीण येत नाही, आपण बोलवत नाही किंवा बोलावलं तरी कुंकवाचं बोट तिच्यापाशी आलं की अडखळतं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एक ग्रामपंचायत करू शकते तर आपल्या मंडळांना का जमू नये? ज्या बाईला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे तिलाच दाराबाहेर ठेवून आपण कसला विकास करणार, तुम्हीच सांगा. येत्या संक्रांतीला सगळ्यांना सारखं हळदीकुंकू, सारखं वाण, असा साधा ठराव कार्यकारिणीने करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि वाणाचंही सुचवते. स्टीलची वाटी, प्लॅस्टिकचा डबा, बांगड्या घरात भरपूर झाल्या. यंदा वाण म्हणून कप्प्यांची एक फाईल द्या. एका कप्प्यात बँकेची पासबुकं आणि एफडी, दुसऱ्यात मेडिक्लेम आणि विम्याच्या पॉलिसी, तिसऱ्यात घराचे-जमिनीचे कागद, चौथ्यात स्वतःचे रिपोर्ट, आधार, पॅन. वर तिचं स्वतःचं पूर्ण नाव छापा, फक्त मिसेस अमुक नको. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीने फाईल भरून दाखवायची. भरता भरता घरात जे बोलणं होईल ना, ते आजवर कधीच झालेलं नसेल, थोडे खटकेही उडतील, उडू देत.

तुम्ही म्हणाल बायका असल्या रुक्ष कार्यक्रमांना येत नाहीत, गाण्याच्या भेंड्या ठेवल्या की हॉल भरतो. मान्य आहे, पहिल्या वेळी दहा-बारा जणी येतील. पण भेंड्या बंद करा असं मी म्हणतच नाही, आधी तासभर कागद, मग भेंड्या. आणि वेळेचं बघा, दुपारी तीनच्या कार्यक्रमाला दुकानात काम करणारी, धुणंभांडी करणारी बाई येऊच शकत नाही, आपल्याच घरी काम करते ती, पन्नाशीतलीच असते, पण मंडळाची वर्गणी आणि वेळ दोन्ही तिला परवडत नाही. महिन्यातून एकदा तरी संध्याकाळी साडेसातला ठेवूया आणि तिला सभासद करूया, वर्गणी कमी करायची का ते कार्यकारिणीने ठरवावं.

पाडव्यानंतर आपले वर्षाचे कार्यक्रम ठरतात तेव्हा हे पत्र मासिक सभेत वाचून दाखवा आणि जे ठरेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहा. फायलींचा भाव मी काढून ठेवलाय, शंभराच्या वर घेतल्या तर बऱ्याच स्वस्त पडतात. बँकेच्या मॅनेजर मॅडमशीही मी बोललेय, त्या यायला तयार आहेत, मानधन नको म्हणाल्या, फक्त दुसरा-चौथा शनिवार सोयीचा आहे त्यांना. हॉलची किल्ली आणि तारीख तेवढी कळवा.

आपली,
मंडळाची एक सभासद, सातारा